पूर ओसरतो, जबाबदारी ओसरत नाही

नागपूर शहरावर २०२३ च्या सप्टेंबर महिन्यातील २३ तारखेला पहाटे जे जलसंकट कोसळले, त्याची चर्चा आता जवळजवळ थांबली आहे. भिंतींवरील पाण्याच्या खुणांवर नवा रंग चढला, खचलेल्या पुलांची कामे निघाली, आणि ज्यांच्या घरात त्या रात्री पाणी शिरले नव्हते त्यांना त्या रात्रीचे विस्मरणही झाले. विस्मरण ही मनुष्यस्वभावाची एक सोय आहे व तीबद्दल सामान्य नागरिकास दोष देण्याचे कारण नाही. परंतु नगराचा कारभार ज्यांनी पत्करला त्यांना ही सोय घेता येत नाही. राज्यातील नगरपालिकांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात आणि महापालिकांच्या निवडणुका २०२६ च्या जानेवारीत झाल्या. दीर्घकाळ ओस पडलेली सभागृहे पुन्हा भरली. नेमक्या अशा वेळी त्या पुराचा विषय आम्ही मुद्दाम उकरून काढीत आहोत. कारण त्या पुराने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, आणि तो प्रश्न नागपुराइतकाच आपल्या उमरेडलाही लागू आहे.

काय घडले ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. शहराच्या पश्चिमेस असलेला, एकोणिसाव्या शतकातील अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. ते पाणी ज्या नाग नदीने वाहून न्यावयाचे, त्या नदीचे पात्र वस्तीने, भिंतींनी आणि पुलांच्या ठेंगण्या कमानींनी आधीच आवळले गेलेले होते. पाण्याने मग आपली वाट आपणच शोधली. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डी या भागांत झोपलेल्या माणसांच्या अंथरुणापर्यंत पाणी आले; मोरभवन बसस्थानकात एस. टी.च्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पंचशील चौकातील पूल खचला. चार माणसे दगावली. सुमारे दहा हजार घरांना पाण्याचा उपसर्ग पोहोचला. ज्या वस्त्यांना पूर ही नदीकाठच्या झोपड्यांची गोष्ट वाटत होती, त्या सुशिक्षित, सुस्थित वस्त्यांच्या दिवाणखान्यांतून चिखल काढावा लागला.

संकटाच्या त्या पहिल्या प्रहरी जे घडले त्याबद्दल प्रशंसेचे दोन शब्द लिहिण्यास आम्हास संकोच वाटत नाही. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांच्या तुकड्या आल्या. लष्कराची मदत आली. अग्निशमन दलाचे जवान रात्रभर पाण्यात उभे राहिले. मूकबधिर विद्यालयातील मुलांना आणि वसतिगृहातील विद्यार्थिनींना सुखरूप बाहेर काढण्यात आले. चारशेहून अधिक नागरिकांना सुरक्षित जागी नेण्यात आले. पाण्याचा लोंढा पाहता मृतांची संख्या चारांवर थांबली, यात दैवाचा भाग असेल तसा या माणसांच्या कष्टाचाही आहे. पुढे शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ४ लाख रुपये, घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार, दुकानदारांना ५० हजारांपर्यंत व टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत साहाय्य जाहीर केले. पंचनामे झाले, रकमा वाटल्या गेल्या. येथवरचा कारभार, त्यातील लहानमोठी दिरंगाई गृहीत धरूनही, बरा म्हणावा असाच झाला.

पण येथवरचा कारभार हा नगराचा कारभार नव्हे, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आले असेलच. बोट आली ती राज्याची किंवा केंद्राची, जवान आला तो लष्कराचा, पैसा आला तो शासनाच्या तिजोरीतून, आणि पंचनामा केला तो महसूल खात्याच्या तलाठ्याने. नगराचा खरा कारभार पूर ओसरल्यावर सुरू व्हावयाचा असतो. नदीचे पात्र कोठे व किती रुंद करावयाचे, त्यासाठी कोणाची भिंत पाडावयाची, कोणत्या इमारतीस यापुढे परवानगी द्यावयाची नाही, तलावाची पातळी वाढू लागली की खालच्या वस्तीस कोणी व कसे सावध करावयाचे, आणि या सर्वांचा खर्च कोणत्या वर्षी कोणत्या शीर्षाखाली करावयाचा, हे सगळे निर्णय त्या शहराने स्वतः घ्यावयाचे असतात. बचाव तासांत मोजतात, साहाय्य आठवड्यांत. पुनर्वसन मात्र वर्षांत मोजावे लागते. पहिली दोन कामे हुकमाने होऊ शकतात. तिसरे काम हुकमाने होत नाही. त्यास लोकांची संमती लागते आणि त्या संमतीस जबाबदार असलेला माणूस लागतो.

असा माणूस त्या वेळी नागपुरात होता काय? महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती. निवडणुका लांबल्या, आणि १८६४ सालापासून नगरपालिकेची परंपरा सांगणारे हे शहर प्रशासकाच्या हाती गेले. म्हणजे पूर आला तेव्हा महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, प्रभागात नगरसेवक नव्हता. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याने आपले गाऱ्हाणे आमदाराकडे नेले, मंत्र्यांकडे नेले, वर्तमानपत्रांकडे नेले. आणि एवढे करूनही समाधान होईना तेव्हा पूरग्रस्त रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभे राहिले. तलावाच्या सांडव्यानजीक उभारलेले स्मारक पाण्याच्या वाटेत येते की नाही, धरणाच्या बळकटीचे काम कोठवर आले, नदीपात्रातील अडथळे केव्हा दूर होणार, हे प्रश्न महापालिकेच्या सभागृहात विचारले जावयास हवे होते. ते न्यायमूर्तींना विचारावे लागले. न्यायालयाने ते विचारले याबद्दल नागपूरकरांनी कृतज्ञ असावे. परंतु नाल्याच्या भिंतीची उंची ठरविण्यासाठी ज्या शहराला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्या शहराच्या स्वराज्याची अवस्था काय आहे, हे निराळे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. नगरसेवक असते तर काय मोठे दिवे लावणार होते? नदीपात्रातील बांधकामे प्रशासकाच्या काळात एका रात्रीत उगवली नाहीत. ती लोकनियुक्त सभागृहांच्या डोळ्यांदेखत, कित्येकदा त्यांच्या आशीर्वादाने, उभी राहिली. नाल्यावर स्लॅब टाकून गाळे काढण्याचे ठराव सभागृहांतच मंजूर होतात. हे सारे खरे आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आजवरच्या कारभाराचे समर्थन करण्याचा आमचा हेतूही नाही. पण दोन प्रकारच्या दोषांत एक मोठा भेद आहे. नगरसेवक चुकला तर त्याचे नाव मतदारास ठाऊक असते, त्याचे घर ठाऊक असते, आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसविण्याचा अधिकार मतदाराच्या हाती असतो. प्रशासक चुकला तर त्याची बदली होते. तो कर्तबगार असला तरी बदलीच होते. ज्या कामास दहा वर्षे लागावयाची ते काम दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या सद्‌भावनेवर सोपवून कोणत्याही शहराचे भागणार नाही.

जगाच्या इतिहासात या प्रश्नाचा एक विलक्षण दाखला आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्यात गॅल्व्हेस्टन नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. १९०० सालच्या सप्टेंबरच्या ८ तारखेस त्यावर चक्रीवादळ आदळले आणि किमान ६ हजार माणसे एका रात्रीत बुडाली. शहराची नगरसभा या आघातापुढे दुबळी ठरली. तेव्हा तेथील प्रमुख नागरिकांनी ती सभाच बरखास्त करविली आणि पाच आयुक्तांच्या मंडळाकडे कारभार दिला; एकाकडे हिशेब, एकाकडे पोलीस व आग, एकाकडे पाणी, एकाकडे रस्ते अशी खात्यांची वाटणी झाली. या मंडळाच्या अमदानीत समुद्रास तोंड देणारी १७ फूट उंचीची भिंत उभी राहिली. त्याहून अद्‌भुत म्हणजे सबंध शहराची जमीनच वाळूचा भराव घालून उंच करण्यात आली. घरे, चर्चे जॅकवर उचलून धरली गेली आणि त्यांच्याखाली वाळू भरली गेली. १९१५ साली पुन्हा तसेच वादळ आले तेव्हा भिंत टिकली आणि शहर वाचले.

लोकसभा नको, कर्तबगार माणसे हवीत, असे म्हणणारांना हे उदाहरण आवडेल. पण त्याचा उत्तरार्धही वाचला पाहिजे. आरंभी त्या पाचांपैकी तीन आयुक्त राज्याचा गव्हर्नर नेमीत असे व दोघेच निवडून येत. हा प्रकार न्यायालयात टिकला नाही, आणि १९०३ पासून पाचही आयुक्त लोकांनी निवडलेले असावेत असे ठरले. म्हणजे वाळूचा भराव घालून शहर उचलण्याचे जे अवघड, वर्षानुवर्षांचे काम, ते लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हातून पार पडले. आपल्या दारापुढे वर्षानुवर्षे खंदक खणलेला, घर अधांतरी टांगलेले, हे सोसावयास नागरिक तयार झाला. कारण ते सोसावयास सांगणारा माणूस त्याने स्वतः निवडला होता. कार्यक्षमता हवी आणि उत्तरदायित्वही हवे. यांपैकी एकाच्या मोबदल्यात दुसरे मागणे हा खोटा व्यवहार आहे.

आपल्या राज्यातील अनुभवही हेच सांगतो. १९६१ च्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटला आणि मुठेच्या पाण्याने पुण्याच्या पेठा धुऊन नेल्या. शहराचा पाणीपुरवठा तुटला तेव्हा पुणेकरांनी बुजत चाललेल्या विहिरी उपसल्या. निराश्रितांसाठी शाळा, मंगल कार्यालये उघडली गेली. हे पहिल्या काही दिवसांचे चित्र. पण पूरग्रस्तांना ज्या नव्या वसाहतींत जागा दिल्या, त्या जागांच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ शासनदरबारी भिजत पडला. शंभरावर सहकारी गृहनिर्माण संस्थांतील पूरग्रस्तांची पहिली पिढी तो निर्णय पाहण्यापूर्वीच संपली. पूर एका दुपारचा. पूरग्रस्त हे नाव मात्र नातवापर्यंत चालत आले. मुंबईची कथा तर याहून बोलकी. पर्जन्यजल वाहून नेणाऱ्या गटारांची क्षमता वाढविली पाहिजे असे सांगणारा ब्रिमस्टोवॅड या नावाचा अहवाल १९९३ सालीच महापालिकेच्या दप्तरी आला होता. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे प्राणास मुकली, आणि मग त्या अहवालावरची धूळ झटकण्यात आली. अहवाल लिहिणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अहवालाचा पाठपुरावा करणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूस मात्र शोधून सापडत नाही.

कोकणातला अलीकडचा दाखला लहान आहे, पण आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. २०२० च्या जूनच्या ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. हजारो माणसांना आगाऊ हलविण्यात आले, त्यामुळे जीवहानी पुष्कळच टळली. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. शासनाचे नुकसानभरपाईचे कोष्टक हेक्टरी दराने आखलेले. आणि कोकणातली वाडी तर गुंठ्यांत मोजावयाची. काही गुंठ्यांत उभी असलेली शेकडो झाडे पडलेल्या कुटुंबाच्या पदरी हेक्टरी दराने हास्यास्पद रक्कम पडे. लोकांनी ओरड केली, लोकप्रतिनिधींनी ती उचलून धरली, आणि अखेर सुपारीच्या झाडास ५० रुपये व नारळाच्या झाडास २५० रुपये असा झाडागणिक दर मान्य झाला. रक्कम तरीही तुटपुंजीच होती. जे झाड फळावर यायला वर्षे लागतात त्याची ती किंमत नव्हे. परंतु मोजण्याचे माप बदलले, ही गोष्ट लहान नाही. मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्यास वाडी गुंठ्यांची असते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते ज्यास ठाऊक होते त्याचा आवाज तेथवर पोहोचला म्हणून माप बदलले. पुनर्वसनात लोकप्रतिनिधी कशासाठी हवा, याचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हास देता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण निर्माण केले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष. या सहअध्यक्षाचे प्रत्यक्षात किती चालते हा प्रश्न अलाहिदा. निदान कायद्याने त्याचे नाव घेतले होते. २०२५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांच्या राजधान्या व महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली. शहराच्या आपत्तीचा विचार शहरासाठी वेगळा व्हावा हे तत्त्व स्वागतार्हच आहे. पण या प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण, तर महापालिका आयुक्त. उपाध्यक्ष कोण, तर जिल्हाधिकारी. महापौराचे नाव नाही. उरलेले सभासद कोण असावेत हे राज्य शासनाने ठरवावयाचे आहे. तिकडे घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविण्यासाठी १८ विषय सांगितले आहेत. त्यांत अग्निशमन आहे, पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, स्मशानभूमी आहे आणि कोंडवाडादेखील आहे. आपत्ती व्यवस्थापन नाही. बुडालेल्याच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था नगरपालिकेची, पण तो बुडू नये ही व्यवस्था कोणाची, याविषयी मात्र अनुसूची मौन पाळते.

आणि जी शहरे महापालिकांची नाहीत त्यांचे काय? या दुरुस्तीचा लाभ नागपूरला होऊ शकेल. उमरेडला होणार नाही. येथे आम्ही आमच्या वाचकांना आपल्याच जिल्ह्यातील मोवाडचे स्मरण देऊ इच्छितो. नरखेड तालुक्यातील हे वर्धा नदीकाठचे लहानसे नगरपालिकेचे गाव. १९९१ च्या जुलैच्या ३० तारखेस नदी गावात शिरली आणि २०४ माणसांना घेऊन गेली. नागपूरच्या पुरात चार माणसे गेली आणि तो देशभर गाजला. मोवाडच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली आणि आज जिल्ह्याबाहेर ते नाव कितीजणांना ठाऊक असेल याची शंका वाटते. लहान गावाचा प्रलय मोठा असला तरी त्याची आठवण लहानच राहते. म्हणून लहान गावाने आपली आठवण आपणच जपावी लागते, आणि आपली तजवीजही आपणच करावी लागते.

समुद्र दूर आहे म्हणून वादळाची आपल्याला भीती नाही, हा विदर्भाचा जुना समज आहे. बंगालच्या उपसागरात उठलेली वादळे आणि कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगड ओलांडून आपल्या डोक्यावर येतात. वाऱ्याचा जोर वाटेत सरतो, पाण्याचा साठा मात्र शिल्लक असतो. उमरेडच्या नजीक आंब नदीवर मकरधोकड्याचे मातीचे धरण आहे. शहराच्या आसपास कोळशाच्या उघड्या खाणी आहेत आणि त्यांतून निघालेल्या मातीचे कृत्रिम डोंगर आहेत. या डोंगरांनी पावसाच्या पाण्याच्या जुन्या वाटा कोठे अडविल्या, कोठे वळविल्या, याचा नकाशा नगरपालिकेजवळ आहे काय? आंब नदीच्या व शहरातील नाल्यांच्या पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा, नगरपालिकेच्या दारावर सर्वांना वाचता येतील अशा लावलेल्या आहेत काय? मध्यरात्री धरणाची पातळी वाढली तर पाटबंधारे खात्याचा चौकीदार कोणाला कळविणार, आणि ज्याला कळविले तो कोणाला उठविणार? अंबाझरीच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या नागरिकांची मुख्य तक्रार हीच होती की पाणी आले, पण पाणी येत आहे हे सांगणारे कोणी आले नाही. ही तक्रार उद्या उमरेडकरांच्या तोंडी येऊ नये एवढ्यासाठीच हे प्रश्न आज विचारीत आहोत.

उपाय म्हणून आम्ही कोणतीही आकाशातली योजना मागत नाही. नव्या नगरपालिकेने व नव्या महापालिकेने चार गोष्टी कराव्यात. पहिली, दरवर्षी एप्रिल महिन्यात सभागृहाची एक बैठक केवळ पावसाळ्याच्या तयारीसाठी घ्यावी आणि त्या बैठकीत मुख्याधिकाऱ्याने किंवा आयुक्ताने नाल्यांची, पुलांची व तलावांची स्थिती लेखी मांडावी. मे महिन्याच्या अखेरीस नालेसफाईची छायाचित्रे प्रसिद्ध करून मोकळे होण्याची प्रथा थांबावी. दुसरी, पूररेषेच्या आतील बांधकामास परवानगी देणाऱ्या प्रत्येक ठरावावर मत देणाऱ्या सभासदांची नावे इतिवृत्तात नोंदविली जावीत. म्हणजे पुढे पाणी शिरलेच तर ते कोणाच्या सहीने शिरले हे नागरिकांस कळेल. तिसरी, प्रत्येक प्रभागात एकट्या वृद्धांची, अपंगांची, अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची यादी असावी आणि ती त्या प्रभागाच्या सभासदाजवळ व अग्निशमन दलाजवळ असावी. पाणी वाढू लागले की धडधाकट माणूस माळ्यावर चढतो. ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठीच शासन नावाची संस्था असते. चौथी, पुनर्वसनाचा हिशेब दर सहा महिन्यांनी सभागृहापुढे यावा, आणि तो शेवटचे काम पूर्ण होईतो येत राहावा, मग मध्ये कितीही निवडणुका होवोत.

राज्य शासनाकडे आमचे मागणे एकच आहे. नागरी प्राधिकरणांचे सभासद नेमताना महापौराला, आणि जेथे प्राधिकरण नाही तेथे नगराध्यक्षाला, या व्यवस्थेत कायद्याने स्थान द्यावे. नागपुरात महापालिका, १९३६ पासूनचा सुधार प्रन्यास, पाटबंधारे खाते अशी अनेक घरे एकाच नदीच्या काठावर बसलेली आहेत. पूर आला की प्रत्येक घर शेजारच्या घराकडे बोट दाखविते. या सर्वांना एका टेबलाशी बसवून उत्तर मागण्याचा अधिकार ज्याला आहे असे एक तरी पद असले पाहिजे, आणि ते पद निवडून आलेल्या माणसाचे असले पाहिजे. निवडणुका पुन्हा वर्षानुवर्षे लांबणीवर टाकण्याची पाळी तर कोणत्याही कारणाने येता कामा नये. घटनेने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे सांगितले आहे. पावसाने आपली निवडणूक कधी लांबणीवर टाकलेली नाही.

शेवटी दोन शब्द नागरिकांशी. आपण नालीत कचरा टाकतो, नाल्यावर ओटा बांधतो, बांधकामाची हद्द हातभर पुढे सरकवितो, आणि पाणी घरात आले की नगरपालिकेच्या नावाने खडे फोडतो. नगरसेवकाला आपण लग्नाचे आमंत्रण देतो, नळाची तक्रार सांगतो, शाळेच्या प्रवेशासाठी चिठ्ठी मागतो. पण पूररेषेचा नकाशा दाखवा, असे त्याला म्हणणारा मतदार विरळा. ज्या प्रश्नाला मत नाही त्या प्रश्नाला उत्तरही मिळत नाही, हा लोकशाहीचा रोकडा हिशेब आहे. नागपूरच्या धरमपेठेतील चिखल धुऊन निघाला, मोवाडच्या २०४ जणांची चिता केव्हाच विझली, आणि आंब नदी उन्हाळ्यात एवढी क्षीण होते की ती कोणाचे काही बिघडवू शकेल यावर लहान मुलाचाही विश्वास बसू नये. परंतु नदीची ओळख उन्हाळ्यात करून घ्यावयाची असते. पावसाळ्यात ती स्वतःच आपली ओळख करून देते, आणि त्या वेळी ऐकून घेण्यापलीकडे नगराच्या हाती काही उरलेले नसते.